साक्ष क्रमांक नऊ

मडगावच्या सत्र न्यायालयात एकवीस वर्षं
मी कोंकणीतलं उचलून इंग्रजीत ठेवतो.
शिवी असो, शपथ असो, वाटेत सांडायचं नाही,
आणि पदरचं काही घालायचं नाही.
पगार त्याचाच.

त्या दिवशी पिएदाद फर्नांडिस, राहणार रिवण, वय सदुसष्ट,
खुरीस काढून पिंजऱ्यात उभी राहिली.
म्हणाली, पेजेची वेळ, मी बाल्कांवात बसले होते.
गडग्यापलीकडून जयवंत च्यारी चालला होता.
विचारलं, सुकांती दिसत नाही ती?
तो म्हणाला, "गेली."

पेजेची वेळ म्हणजे अकरा.
चिऱ्याच्या खणीतून प्रेत निघालं दुपारी चारला.

जज्जसाहेबांचं पेन थांबलं.
निघून गेली, की मेली?
मी म्हटलं, गॉन.
सरकारी वकील उठले: गॉन कुठे? माहेरी, की वर?
दोन्ही लिहिता येत नाही, केंकरे. एक सांगा.

आधीचे आठ येऊन गेले होते.
कंडक्टर म्हणाला, साडेनऊच्या केप्याच्या बसला एक बाई होती,
केसांत अबोली; तोंड आठवत नाही.
प्रेताच्या केसांतही अबोली होती.
पण रिवणात त्या दिवशी किती जणींनी माळली असेल
हे कुणी विचारलं नाही.
सुताराच्या खोक्यातली एक पटाशी सापडली नाही.
डॉक्टर म्हणाले, कवटीवरची जखम पटाशीच्या मुठीची असू शकते,
आणि खणीच्या कडेचा चिराही तसाच लागतो.
दांडीवर ओला पंचा. आदल्या आयतवारी भांडण,
बँकेत ठेवलेल्या पाटल्यांवरून.

मडगावच्या बाजारात सुकी सुंगटं तोलणारी बाई
काटा जवळजवळ सरळ झाला की
वर एक मूठ टाकते, आणि पारडं खाली जातं.
मूठ माझी होती.

वत्सला गेली त्या पहाटे
मी दारात उभा होतो. आत अजून कुणाला कळवलं नव्हतं.
पोदेराने सायकल टेकवली, भोंगा काखेत,
"बाय खंय?"
मी म्हटलं, "गेली."
"केन्ना येतली?" म्हणत त्याने
रोजचे चार उंडे मोजले.
मी घेतले.
सुट्टे पैसेसुद्धा परत घेतले.

त्या पोदेराला कुणी शपथ दिली असती तर
तो खरं तेच बोलला असता:
रडत नव्हता, साहेब. गावाला गेल्यासारखं सांगितलं.
पाव घेतला दोघांचा.
आणि मग कुणीतरी मला विचारलं असतं,
घरात दुसरं कोण होतं?

"एक सांगा, केंकरे."
मी म्हटलं, साहेब, साक्षीदाराचा हात बघा.
कारण पिएदादने तो शब्द परत म्हणताना
हात उचलला होता, त्याने उचलला होता तसा,
गडग्यावरून पलीकडे.
जज्जसाहेबांनी विचारलं, तिकडे काय आहे?
ती म्हणाली, बसची वाट.
आणि?
आणि खण. त्याच वाटेने.

नोंद झाली: साक्षीदार हात दाखवते.
कुठला हात, ते राहिलं.

आमच्या बोलीत ती बाई अजून
दारातून बाहेर पडते आहे.
इंग्रजीत तिला कुठेतरी पोचवावं लागतं.

आरोपी सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता,
एक डोळा बारीक करून,
फळी सरळ आहे का बघतात तसा.